लिव्होर्नो बंदरातला एक दिवस: अकरा जण, दोन व्हॅन आणि परतीची वेळ

पार्श्वभूमी

पश्चिम भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ, मे महिना. प्रवासी अकरा, नात्यातलीच तीन कुटुंबं: सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा, सहा प्रौढ, कॉलेजात जाणारी दोन मुलं आणि सहा वर्षांची एक मुलगी. आजींचे गुडघे दुखरे असल्यामुळे सोबत घडीची व्हीलचेअर. सगळ्यांची नावं, जहाजाची कंपनी आणि गाड्या पुरवणारा इथे वगळला आहे.

जहाज सोमवारी सकाळी ७ वाजता इटलीतल्या लिव्होर्नो बंदराला लागणार होतं आणि संध्याकाळी ७ वाजता सुटणार होतं. ऑल अबोर्ड, म्हणजे प्रत्येक प्रवासी जहाजावर परतलेला असण्याची वेळ, ६.३० होती. पुढचं बंदर चिव्हितावेक्किया, म्हणजे रोमचं बंदर, दुसऱ्या दिवशी सकाळी.

लिव्होर्नोला बहुतेक प्रवासी उतरतात ते लिव्होर्नो पाहायला नव्हे. पिसा इथून २० ते २५ किलोमीटरवर आहे आणि फ्लॉरेन्स सुमारे ९० किलोमीटरवर. बंदर मुळात मालवाहतुकीचं आणि फेरीबोटींचं. धक्क्यांच्या बऱ्याच भागात प्रवाशांना पायी फिरता येत नाही. शहरातल्या पियाझ्झा ग्रांदे भागापर्यंत शटल बसने जावं लागतं आणि रेल्वे स्टेशन त्याच्याही पुढे शहराच्या पूर्व टोकाला आहे.

अडचण

गटाची इच्छा साधी होती: फ्लॉरेन्सही पाहायचं आणि पिसाचा मनोराही. कागदावर बारा तास दिसत होते. पण जहाज धक्क्याला लागल्यावर बंदर अधिकाऱ्यांची मंजुरी येईपर्यंत गँगवे, म्हणजे जहाजातून उतरण्याची वाट, उघडत नाही आणि उघडल्यावर जहाजाच्या स्वतःच्या सहलींचे गट आधी सोडले जातात. स्वतंत्र प्रवासी सहसा पाऊण तास ते तासाभराने उतरतो. दुसऱ्या टोकाला ऑल अबोर्डची वेळ सुटण्याच्या अर्धा तास आधीची, आणि त्याच्याही आधी स्वतःसाठी एक तास तरी राखीव ठेवावा लागतो. असं दोन्हीकडून कापत आणल्यावर हातात उरतात साडेनऊ तास, आणि त्यातले तीन ते साडेतीन तास नुसते रस्त्यावर जाणार.

शिवाय वार सोमवार होता. फ्लॉरेन्समधली उफ्फिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. आखणी करणाऱ्या धाकट्या सुनेने मायकेलअँजेलोचा मूळ डेव्हिड पुतळा पाहण्यासाठी अकादेमियाची तिकिटं शोधायला सुरुवात केली, तेव्हा हे लक्षात आलं. बंदराची तारीख कळल्यावर पहिल्यांदा वार पाहावा, नकाशा नंतर.

तपासलेले पर्याय

जहाजाची मार्गदर्शित सहल. चाळीस-पन्नास जणांची बस, फ्लॉरेन्स आणि पिसा एकाच दिवसात. हिचा खरा फायदा एकच, पण मोठा: बस अडकली तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. तोटा म्हणजे बसचा वेग तिच्यातल्या सर्वात हळू प्रवाशाइतका असतो आणि पर्यटक बसना दोन्ही शहरांत दूरवरच उभं राहावं लागतं. पिसात हा थांबा शहराच्या उत्तरेला व्हिया पिएत्रासांतिनाच्या वाहनतळावर आहे. तिथून मनोऱ्यापर्यंतचं अंतर धडधाकट माणसाला काहीच वाटत नाही, गुडघे दुखणाऱ्या आजींना ते जाता-येता दोनदा कापायचं होतं.

जहाजाची फक्त ने-आण. गाइड नाही, बस फ्लॉरेन्सला सोडते आणि ठरलेल्या वेळी परत घेते. जहाज थांबण्याची हमी यालाही लागू असते, हे अनेकांना ठाऊक नसतं. दोघा-तिघांच्या कुटुंबाला, फक्त फ्लॉरेन्स पाहायचं असेल तर, हा पर्याय बहुतेक वेळा सर्वांत शहाणपणाचा ठरतो. इथे तो बाद झाला, कारण त्यात पिसा नव्हतं आणि बस थांबण्याच्या जागेपासून पुढचा प्रश्न तसाच राहत होता.

रेल्वे. लिव्होर्नो चेंत्राले स्टेशनहून पिसा चेंत्राले १५ ते २० मिनिटांवर, फ्लॉरेन्सचं सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशन साधारण ८० ते ९० मिनिटांवर. प्रादेशिक गाड्यांना आरक्षण लागत नाही, भाडं कमी, ४ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं. कागदी तिकीट घेतलं तर गाडीत चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. स्वस्त आणि रस्त्यावरच्या कोंडीपासून मुक्त, म्हणून तरुण जोडप्यासाठी उत्तम. पण शटल, मग शहराची बस, मग स्टेशन, मग गाडी असं जोडत गेलं की धक्क्यापासून फ्लॉरेन्सपर्यंत एका दिशेलाच सव्वादोन ते अडीच तास लागतात. इटलीत रेल्वे संप वारंवार होतात. ते आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत किमान सेवा चालू ठेवली जाते. क्रूझच्या प्रवाशाला नेमकी मधली वेळ हवी असते.

धक्क्यावर किंवा शहरात मिळेल ती टॅक्सी. अकरा जणांना तीन टॅक्सी, दिवसभरासाठी, तिथल्या तिथे घासाघीस करून. यावर फार वेळ घालवला गेला नाही आणि ते योग्यच झालं.

आधी ठरवलेली, चालकासह खासगी गाडी. इटलीत अशा गाड्यांचा वेगळा परवाना असतो. त्या रस्त्यावरून प्रवासी उचलू शकत नाहीत, आरक्षण आधीच लागतं. शेवटी याच पर्यायावर एकमत झालं.

दोन व्हॅन की एक मिनीबस

इटलीत साध्या परवान्यावर चालणाऱ्या व्हॅनमध्ये चालकासह नऊ आसनं असतात, म्हणजे प्रवासी आठ. अकरा जण एका व्हॅनमध्ये मावत नाहीत. दोन प्रस्ताव आले: सोळा आसनांची एक मिनीबस किंवा दोन व्हॅन. मिनीबस थोडी स्वस्त होती आणि सगळे एकत्र राहिले असते.

तरीही व्हॅन निवडल्या गेल्या. नऊपेक्षा जास्त आसनांच्या वाहनाला पर्यटक बसचे नियम लागतात: शहरात शिरण्याचं वेगळं शुल्क, ठरावीक ठिकाणीच चढ-उतार, चालकाच्या सक्तीच्या विश्रांतीचे नियम. फ्लॉरेन्स आणि पिसा दोन्हीकडे जुन्या शहराचा भाग मर्यादित वाहतुकीचा आहे, कॅमेरे नंबरप्लेट टिपतात आणि परवानगी नसलेल्या गाडीला दंड होतो. परवानाधारक व्हॅन तिथे बरीच आत जाऊ शकते. आजींसाठी हा फरक पंधरा मिनिटं चालण्याचा होता, आणि निर्णयात सर्वाधिक वजन यालाच दिलं गेलं.

एक गाडी बंद पडली तर दुसरी असते, हा युक्तिवादही झाला. तो अर्धाच खरा आहे, कारण आठ आसनांत अकरा जण बसत नाहीत. उरलेल्या तिघांना टॅक्सीच शोधावी लागते. पण एका टॅक्सीने भागणं आणि अकराही जण रस्त्यावर उभे असणं यांत मोठं अंतर आहे.

खर्चाचं गणित असं निघालं की अकरा जणांसाठी दोन व्हॅन जहाजाच्या मार्गदर्शित सहलीपेक्षा जवळजवळ चौथ्या हिश्श्याने स्वस्त. गट लहान झाला की हे गणित झपाट्याने उलटतं. दोघांसाठी अख्खी व्हॅन घेणं म्हणजे सहा रिकाम्या आसनांचे पैसे भरणं.

हमी नसण्याची किंमत

खासगी गाडीसाठी जहाज थांबत नाही. म्हणून गटाने आधीच विचारलं: जहाज चुकलंच, तर काय होईल?

उत्तर पुढच्या बंदरावर अवलंबून असतं. इथे पुढचं बंदर चिव्हितावेक्किया होतं आणि लिव्होर्नोहून रोमकडे जाणारा किनाऱ्याकाठचा रेल्वेमार्ग चिव्हितावेक्कियावरूनच जातो. गाडीप्रमाणे दोन ते तीन तासांचा प्रवास. म्हणजे जहाज चुकलं तर मनस्ताप आणि खर्च झाला असता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर हजर राहता आलं असतं. पुढचं बंदर ट्युनिशियात किंवा एखाद्या बेटावर असतं, तर हाच निर्णय वेगळा लागायला हवा होता. तिथे विमानाची तिकिटं येतात, आणि शेंगेन क्षेत्राबाहेर जायचं असेल तर व्हिसा किती प्रवेशांचा आहे हाही प्रश्न येतो.

अनेक गट ही तपासणी करतच नाहीत. जहाज चुकण्याची भीती एकाच मापाने मोजली जाते, मग पुढचं बंदर तीन तासांवर असो की समुद्रापलीकडे.

जहाजाने पासपोर्ट स्वतःकडे ठेवले होते. म्हणून प्रत्येक प्रौढाजवळ पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची छायाप्रत, फोनमध्ये फोटो, आणि जहाजावर रोज मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवरचा पोर्ट एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या बंदरातल्या प्रतिनिधीचा, नाव-नंबर. प्रवासी मागे राहिला तर याच एजंटमार्फत पासपोर्ट आणि पुढची व्यवस्था होते. ती पत्रिका केबिनमध्ये विसरली तर ऐनवेळी नंबर शोधणं अवघड जातं, म्हणून सकाळीच तिचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला गेला.

गाडीवाल्याशी लेखी काय ठरलं

तोंडी बोलणं भरपूर झालं, पण प्रत्येक मुद्दा ईमेलवर आणला गेला.

एकूण रकमेत इंधन, टोल, पार्किंग, शहरप्रवेशाचं शुल्क, बंदरातला प्रवेश आणि चालकाचं जेवण सगळं धरलेलं. यातला टोल लिहून घेणं पुढे फार उपयोगी पडलं. जहाज बंदरात आलंच नाही, तर आगाऊ रकमेचा पूर्ण परतावा. वाऱ्यामुळे जहाजं बंदर वगळतात आणि त्याची भरपाई क्रूझ कंपनी बाहेरच्या गाडीसाठी देत नाही. उरलेली रक्कम दिवस संपल्यावर, धक्क्यावर परत सोडल्यानंतर. मुलीसाठी उंची वाढवणारं बूस्टर आसन, कोणत्या गाडीत ते ठरवून. व्हीलचेअर मावेल इतकी डिकी. दोन्ही चालकांचे मोबाइल नंबर आदल्या संध्याकाळपर्यंत.

चालक म्हणजे गाइड नव्हे, हेही स्पष्ट करून घेतलं. इटलीत गाइडचा परवाना वेगळा असतो. चालक गाडीत बसून सांगेल तेवढं सांगेल, वास्तूच्या आत घेऊन फिरणार नाही. गाइड न घेण्याचा निर्णय झाला.

आखणी शेवटाकडून

दिवस सकाळपासून न मोजता संध्याकाळपासून मागे मोजला गेला. ऑल अबोर्ड ६.३०. गटाची स्वतःची मुदत धक्क्यावर ५.३०. पिसाहून धक्क्यापर्यंत अर्धा तास आणि बंदराच्या फाटकासाठी दहा-पंधरा मिनिटं, म्हणून पिसा सोडायचं ते जास्तीत जास्त ४.३० ला. पिसात दीड तास हवा, म्हणून ३ ला पोहोचायचं. फ्लॉरेन्सहून निघायचं १.४५ ला.

क्रमाबद्दल गटात वाद झाला. कॉलेजच्या मुलांचं म्हणणं होतं की पिसा आधी करावं, सकाळी मनोऱ्याजवळ गर्दी कमी असते. ते खरंही आहे. पण मग दुपारी जहाजापासून ९० किलोमीटर दूर असताना परतीचा प्रवास सुरू झाला असता आणि त्या एका टप्प्यात काही बिघडलं, तर ते थेट जहाजाच्या वेळेवर आलं असतं. लांबचं ठिकाण आधी आणि जवळचं शेवटी ठेवलं की फ्लॉरेन्सच्या रस्त्यावरचा उशीर पिसाचा वेळ खातो, जहाजाचा नाही. पिसा हे प्रेक्षणीय स्थळ होतंच, त्याबरोबर ते वेळेचं राखीव खातंही झालं.

यावरून एक नियम आधीच ठरला: दुपारी ४ पर्यंत पिसाला पोहोचता येत नसेल, तर पिसा सोडून सरळ बंदर. हा नियम दोन्ही चालकांनाही सांगितला होता.

मनोऱ्यावर पाच जणांना चढायचं होतं. आत अडीचशेच्या वर पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि ८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, त्यामुळे मुलगी खालीच राहणार होती. पिशव्या सामानघरात ठेवाव्या लागतात, म्हणून दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचावं लागतं. तिकिटं ३.३० ची काढली. ती बदलत नाहीत आणि पैसे परत मिळत नाहीत.

प्रत्यक्ष दिवस

गँगवे ७.४५ ला खुला झाला. लिफ्टपाशी गर्दी, व्हीलचेअर, मुलीचा विसरलेला टोप, असं करत गट ८.१० ला धक्क्यावर उतरला. पहिली व्हॅन समोर उभी होती. दुसरी नव्हती. आदल्या रात्री ती गाडी नादुरुस्त झाल्यामुळे बदली गाडी आली होती आणि तिच्या नंबरप्लेटची बंदरात शिरण्याची परवानगी घेतलेली नव्हती. चालक फाटकाबाहेर थांबला होता.

इथे पहिला निर्णय घ्यावा लागला: सगळ्यांनी परवानगीची वाट पाहायची, की पहिल्या व्हॅनने दोन फेऱ्यांत सगळ्यांना फाटकाबाहेर न्यायचं? दोन फेऱ्या झाल्या. वीस मिनिटं गेली, पण कार्यालयात कागद हलण्याची वाट पाहिली असती तर किती गेली असती याचा अंदाजच नव्हता. ८.३५ ला दोन्ही गाड्या निघाल्या. पहिल्या व्हॅनमध्ये सहा जण, आजी-आजोबा आणि मुलगी त्यातच; दुसरीत पाच. प्रत्येक गाडीत एक चालू फोन, थोडी रोख रक्कम आणि सगळ्या तिकिटांच्या प्रती.

लिव्होर्नो आणि फ्लॉरेन्स जोडणारा नेहमीचा रस्ता म्हणजे फि-पी-ली: चार पदरी, टोल नसलेला, अरुंद, बऱ्याच भागात कडेला थांबायला पट्टा नसलेला. दुरुस्तीची कामं आणि अपघात यांनी तो वारंवार तुंबतो. सकाळी तो मोकळा होता. १०.०५ ला गाड्या पियाझ्झाले मिकेलान्जेलोवर, म्हणजे शहराच्या वरच्या टेकडीवरच्या चौकात पोहोचल्या. गाडीतून उतरल्यावर दहा पावलांत सगळं फ्लॉरेन्स समोर दिसतं, त्यामुळे आजींसाठी ही दिवसातली सर्वांत सोपी आणि सर्वांत मोठी जागा ठरली. डेव्हिडची कांस्य प्रतिकृतीही तिथेच आहे. मूळ पुतळा १८७३ मध्ये अकादेमियात हलवला गेला आणि पियाझ्झा देल्ला सिन्योरियात त्याच्या जुन्या जागी १९१० पासून संगमरवरी प्रतिकृती उभी आहे. सोमवारी मूळ पाहता येणार नव्हता, पण दोन्ही प्रतिकृती वाटेवर होत्या.

संग्रहालयांच्या ऐवजी सांता क्रोचे चर्च ठरवलं होतं. मायकेलअँजेलो, मॅकियाव्हेली आणि गॅलिलिओ यांची थडगी तिथे आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, याची सूचना सकाळीच दिली होती. मग सिन्योरियाचा चौक, जेवण आणि दुरून पाँते वेक्क्यो हा जुना पूल. ड्युओमोची, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चची, भव्यता बाहेरूनच पाहिली, आत जायची रांग लांब होती.

पुढचा पेच १.४५ ला आला. ठरलेल्या कोपऱ्यावर दोन्ही व्हॅन आल्या, पण कॉलेजची दोन मुलं पोहोचली नव्हती. फोन केल्यावर कळलं, ड्युओमोच्या रांगेत ‘आता आलाच नंबर’ म्हणून उभी आहेत. त्या भागात गाडी फार वेळ थांबवता येत नाही. ठरलं असं की पहिल्या व्हॅनने १.५० ला निघावं, दुसरीने एक चक्कर मारून मुलांना घ्यावं. मुलं रांग सोडून आली आणि दुसरी गाडी २.१५ ला निघाली.

पहिली व्हॅन नेहमीप्रमाणे फि-पी-लीवर गेली आणि लास्त्रा आ सिन्या आणि एम्पोलीच्या दरम्यान पुढे झालेल्या अपघाताच्या कोंडीत अडकली. २.२० ला तिच्यातून दुसऱ्या गाडीत फोन गेला. दुसरी अजून शहराबाहेर पडत होती. तिच्या चालकाने लगेच ए ११ हा टोलचा महामार्ग सुचवला, जो प्रातो, पिस्तोया, लुक्का असा वरून फिरून पिसाच्या उत्तरेला येतो. टोल करारात धरलेला असल्यामुळे पैशाची चर्चाच झाली नाही. होकार मिळताच गाडी वळली. ती ३.३५ ला पिसाला पोहोचली, नंतर निघूनही आधी.

पहिली व्हॅन पाऊण तास जवळजवळ जागेवरच होती. कडेला पट्टा नाही, थांबा नाही. निघण्याआधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यायचं हा सकाळचा आग्रह तेव्हा कामी आला. फि-पी-ली पुढे दोन फाट्यांत विभागतो, एक पिसाकडे आणि एक लिव्होर्नोकडे. फाट्याच्या जरा आधी, ३.२५ ला, चालकाने विचारलं: कुठे? नकाशावर पिसाची वेळ ३.५० दिसत होती, म्हणजे ठरवलेल्या ४ च्या आत. आजोबा म्हणाले, “अहो, वर चढायचं राहिलं तर राहू द्या, पण तो वाकलेला एकदा डोळ्यांनी बघू.” गाडी पिसाकडे वळली.

३.३० ची तिकिटं वाया गेली. पुढच्या वेळेची जागा खिडकीवर मिळते का पाहावं, असं मुलांचं म्हणणं होतं. ४.१५ ची मिळाली असती तरी उतरून येईपर्यंत पाऊण तास गेला असता आणि ४.३० ची मुदत मोडली असती. सुनेने नाही म्हटलं आणि तिथेच विषय संपला. दुसऱ्या गाडीच्या गटाला पन्नास मिनिटं, पहिल्याला पस्तीस मिनिटं चौकात मिळाली. ४.२५ ला निघून ५.०५ ला दोन्ही गाड्या बंदराच्या फाटकावर. या वेळेपर्यंत बदली गाडीची परवानगी आलेली होती. ५.२० ला सगळे जहाजावर होते.

निष्पत्ती

अकराही जण ऑल अबोर्डच्या सत्तर मिनिटं आधी परतले. फ्लॉरेन्स आणि पिसा दोन्ही पाहून झालं. मनोऱ्याची पाच तिकिटं गेली आणि सकाळचे साधारण पंचवीस व दुपारचे पन्नास मिनिटं गमावले. गाड्यांचा खर्च ठरल्याइतकाच राहिला, एका युरोची वाढ नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मनोऱ्याची तिकिटं चुकली ती मुलांच्या उशिरामुळे, असं गटातल्या काहींना वाटलं. वेळा नीट मांडल्या तर चित्र वेगळं दिसतं. दुसरी गाडी १.५० ला निघाली असती तर तीही फि-पी-लीवरच गेली असती आणि पहिलीच्या मागे अडकली असती. उशीर झाला म्हणूनच तिला दुसरा रस्ता निवडता आला. चूक तिकिटाची वेळ निवडण्यात होती: फ्लॉरेन्सहून तासा-सव्वा तासाच्या रस्त्यावर येऊन, पंधरा मिनिटं आधी हजर राहायच्या तिकिटासाठी, मोकळा वेळ जेमतेम पंधरा मिनिटंच ठेवला होता. न बदलणारं तिकीट लांब टप्प्यानंतर लगेच ठेवू नये. ते एकतर दिवसाच्या पहिल्या थांब्यावर असावं, किंवा आधी काढूच नये आणि तिथे पोहोचल्यावर जागा असेल तर घ्यावं. ज्यांना मनोरा चढायचाच होता, त्या पाच जणांनी सकाळी रेल्वेने पिसा गाठून मनोरा करून, तिथूनच पुढच्या गाडीने फ्लॉरेन्सला येऊन गटाला मिळणं शक्य होतं. परतीला ते व्हॅनमध्ये बसले असते. हा मिश्र मार्ग कोणी सुचवलाच नाही.

निघण्याआधी रस्त्याची स्थिती पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. चालक पाहतील असं गृहीत होतं. १.३० ला एखाद्याने नकाशाच्या ॲपवर दोन्ही मार्गांची वेळ पाहून चालकाला विचारलं असतं, तर तो अपघात कदाचित तेव्हा दिसला नसता, पण ए ११ हा पर्याय निघतानाच चर्चेत आला असता. परतीच्या लांब टप्प्याआधी हे काम एका नावावर असायला हवं.

बदली गाडीच्या परवानगीचा घोळ करारातून टाळता आला असता. ‘गाडी बदलली तर नवीन नंबरप्लेट आणि तिचा बंदर-प्रवेश आदल्या रात्री ९ पर्यंत कळवावा, नाहीतर भेटण्याची जागा फाटकाबाहेर, आणि तिथपर्यंत पोहोचवण्याची सोय पुरवठादाराची’ एवढी एक ओळ पुरली असती. धक्का ऐनवेळी बदलण्याची शक्यता असतेच, तेव्हा फाटकाबाहेरची पर्यायी भेटीची जागाही आधीच लिहिलेली असावी.

आजींना मात्र आखणीने शेवटपर्यंत सांभाळलं. टेकडीवरचा चौक आधी घेतल्यामुळे पायांत ताकद असताना सगळं शहर पाहून झालं, आणि दुपारच्या कोंडीतही त्यांना गाडीतून उतरावं लागलं नाही. जुन्या शहराच्या फरसबंदीवर व्हीलचेअरची लहान चाकं अडकत होती. ढकलणाऱ्याने ती किंचित मागे कलवून मोठ्या चाकांवर नेली की सोपं जातं, हे तिथे हळूहळू जमलं. भाड्याने घ्यायची असेल, तर मोठ्या पुढच्या चाकांची खुर्ची मागावी, आणि ती व्हॅनच्या डिकीत मावते का हे मापं देऊन विचारावं.